सातवी पेटी

पहिली फारच काटेकोर झाली.
झाकण बसेना. कानस मारली तेव्हा बसलं,
मग निघेना.

दुसरीत बटणाचं भोक पाठीला आलं,
कारण स्क्रीनवर पेटी पालथी होती
आणि रात्रीचे दोन वाजून गेले होते.

तिसरी छापताना वीज गेली.
मान वर करून बघावं लागलं नाही.
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प झाले.
साडेचार तासांत उभी राहिलेली ती अर्धी पेटी,
आई आता तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.

चौथी चांगली होती.
चौथी मैदानावर गेली.

अक्कलकोट रोडवरच्या शाळेचं मैदान, एप्रिल, दुपारचे चार.
ताजुद्दीन सरांनी चुन्याची रेघ मारली,
रेघेच्या दोन टोकांना दोन तिपाया.
इकडून किरण निघतो, तिकडे पोचतो,
मधून कुणाची छाती गेली की आकडा थांबतो.
आत एवढंच आहे:
जुन्या मोबाइलची बॅटरी, एक हिरवी पट्टी,
आणि मी डाख दिलेल्या एकोणीस तारा.
बाकी सगळं काम पेटीचं. धूळ अडवायची,
डोळा सरळ ठेवायचा.

हे प्लास्टिक मक्यापासून करतात म्हणे.
साठ अंशांना मऊ पडतं.
त्यात मी रंग घेतला होता काळा, शोभतो म्हणून.
तासाभरात पेटीने मान टाकली,
किरण मातीत गेला,
आणि सावित्रा हत्तुरे रेघ ओलांडून
थेट कंपाउंडच्या भिंतीला हात लावून आली
तरी आकडे पळतच होते.
"पोरगी पोचली," सर म्हणाले, "घड्याळ अजून रस्त्यात आहे."
कुणीतरी हसलं. ती नाही हसली.
कमरेवर हात ठेवून, धापा टाकत तिने विचारलं,
"मग माझं किती धरायचं?"

पाचवी पांढरी. दुसरं प्लास्टिक, उन्हाला टिकणारं,
पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडणारं.
सहावीला मी भिंत तीन मिलिमीटर केली,
स्क्रूसाठी पितळेच्या चकत्या तापवून बसवल्या
आणि नानांच्या हातात दिली.

नाना चाळीस वर्षं मागावर. आधी विणलं, मग जॉबर झाले.
त्यांनी पेटी बघितली नाही,
डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवला.
"हे कोपरे कुणासाठी ठेवलेस, पद्मा?"
कपाटातून जुना धोटा काढला, तेल पिऊन काळा झालेला.
"टोक आहे बघ याला. कोपरा आहे का?
टोक कामाला येतं. कोपरा नुसता अडतो."
पुढचं तेलुगूत बोलले, स्वतःशीच.

लोक म्हणतात, तुमच्या घरात हेही विणणंच की.
नाही हो.
विणण्यात एक धागा उभा, एक आडवा,
दोघं एकमेकांना धरून असतात.
इथे एकच दोरा स्वतःच्याच अंगावर
थरावर थर चढत जातो,
म्हणून पडला की थरातच उकलतो.
मी पाडून बघितलंय. गच्चीवरून, दोनदा.

सातवीला चारही कोपरे गोल.
ऊन तेच, रेघ तीच.
पिना लावलेली वेणी, अनवाणी पाय,
आणि मग तिच्या छातीने तो न दिसणारा दोरा तोडला.

तेरा पूर्णांक बेचाळीस.

सावित्राने आकडा वाचला. मग पेटी हातात घेतली,
फिरवून बघितली, गोल कोपऱ्यांवर तिचं लक्ष गेलं नाही.
"हे बरोबर असेल," म्हणाली.
"पण त्या दिवशी मी जास्त जोरात पळाले होते."

मी मान हलवली.
चौथी पेटी अजून माझ्या खिडकीत आहे,
वाकलेली.
मी ती वितळवायला दिलेली नाही.