तीनशे मीटर

एकतीस वर्षं मी कृष्णेची उंची लिहिली.
आयर्विन पुलाखालची पट्टी, फूट आणि इंच,
पावसाळ्यात दर तासाला,
शाईनं, खाडाखोड न करता.
निवृत्तीच्या पैशातून स्वतःसाठी एकच वस्तू घ्यायची
तर ती खोलीची आणि वेळेची असणार,
याचं बायकोला नवल वाटलं नाही.
तिला नवल किमतीचं वाटलं. साडेतीन लाख.

पुण्याच्या दुकानात पोरानं हातमोजे घालून ते काढलं,
मखमलीवर ठेवलं आणि आवाज खाली आणला,
रिपोर्ट वाचताना डॉक्टर आणतात तसा.
"सर, तीनशे मीटरपर्यंत पाणी शिरणार नाही."
मी मनात फूट केले. नऊशे चौऱ्याऐंशी.
महापुरात आमची नदी सत्तावन्नला गेली
तेव्हाच अर्धी सांगली पाण्याखाली होती.
याचे अजून नऊशे सत्तावीस शिल्लक.

मनगटावर घेतलं.
खोटं कशाला बोलू? थंड, जड,
आडातून नुकत्याच वर आलेल्या कळशीसारखं.
सेकंदकाटा उड्या मारत नव्हता, वाहत होता.
मनगटाला पसंत पडलं.
मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो,
साठीच्या माणसानं.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत एकच चित्र:
पहाटे साडेपाच, माई घाट.
जिनगोंडा मगदूम, बँकेतले दाणी आणि मी.
कपडे पायरीवर, चष्मा बुटात,
आणि ते?
तेही बुटात. मोज्यात गुंडाळून, वर टॉवेल.
तीनशे मीटर खाली जाणारी वस्तू काठावर कोरडी
आणि मी सांगलवाडीच्या दिशेनं हात मारताना
दर तिसऱ्या श्वासाला मान वळवून
बुटाकडं बघतोय.

दुसऱ्या दिवशी मिरजेला, इलाही मुजावरांकडं.
शेजारी सतारीच्या तारा लावत असतात,
त्या आवाजात बसून हा माणूस घड्याळं ऐकतो.
पुराचं पाणी प्यायलेलं माझं एचएमटी
त्यांनी दोनदा वाळवलं होतं,
तिसऱ्यांदा हात जोडले.
खणातून जपानी काढलं. काळी तबकडी, रबरी पट्टा,
दोनशे मीटर, एकवीस हजार.
"दिवसाला आठ सेकंद पुढं पळतंय, आधीच सांगतो."
"म्हणजे?"
"म्हणजे म्हैन्याला चार मिनिटं. तेवढी तुमची एसटी लेट असतीच.
आन् ह्ये मी उघडू शकतो. त्ये दुसरं उघडायची मला परवानगी न्हाई."

कडी फिरवून बघितली. टक, टक, टक.
बाराच्या खुणेला केसभर चुकत होती.
"ते तसंच असतंय. सवय हुती."
झाली.

बायकोला एकवीस सांगितले.
साडेतीन लाख आधी ऐकलेले असल्यामुळं
एकवीस तिला भाजीच्या भावात वाटले.
हे मी मुद्दाम केलं नव्हतं,
असं मी म्हणतो.

आता पाण्यात शिरताना खूण मिनिटकाट्यावर आणतो.
पलीकडं जाऊन यायला एकोणीस मिनिटं.
गेल्या गुरुवारी बावीस लागली.
दाण्यांना सांगितलं नाही.
जिनगोंडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
तो येतो, पायरीवर बसतो,
आमचे बूट राखतो,
त्यात चष्म्यांखेरीज काही नाही हे माहीत असून.

डावं मनगट कधीतरी ते वजन आठवतं.
आठवू दे.

पुलाखाली पट्टी दिसते. चौदा फूट तीन इंच.
मला आता कुणी विचारत नाही.
ओला हात वर करून वेळ बघतो,
मनातल्या रजिस्टरात मांडतो:
सहा वाजून चार.
वजा आठ सेकंद.