बाइट

पहिल्या सत्रात मी मीठ वापरलं.
जाडं मीठ, फेविकॉल
आणि दारूखान्यातून किलोवर आणलेली
कुठल्याशा बोटीची गंजकी पट्टी.
वाटलं, गंज मिठात उतरेल हळूहळू,
समुद्र आतून कसा खातो ते दिसेल.
चौथ्या दिवशी मिठाला पाणी सुटलं.
रघूकाका फडकं घेऊन आले, म्हणाले,
"तुझं शिल्प सांडलंय."

मग एक्स-रेच्या फिल्मा, रबरी वायसर,
नागदेवी स्ट्रीटवरून तीन मीटर कोंबडीजाळी,
सुतळी, वर प्लास्टर.
धड उभं राहिलं
आणि रात्रीतून बसलं.
खरंच बसलं, गुडघ्यांत मोडून,
पाळी संपवून आलेल्या माणसासारखं.
कुडाळकर सर म्हणाले, बरंय की, ठेव असंच.
मी नाही ठेवलं.
मला ते उभं हवं होतं.

बाबा काही विचारत नाहीत.
बाबा दात करतात.
ठाकूरद्वारला, एका दवाखान्याच्या पोटमाळ्यावर,
एकतीस वर्षं:
मेण, प्लास्टर, गुलाबी ॲक्रिलिक,
निळ्या ज्योतीवर धरलेली सुरी.
घरी येतात तेव्हा नखांत गुलाबी पूड असते,
भाताचा घास कालवण्याआधी ती टोकरत बसतात.

एकदा मोरीत माझी बादली बघून एवढंच म्हणाले,
"प्लास्टर पाण्यात सोडायचं. पाणी प्लास्टरवर नाही.
रांगोळी घालतेस तसं, चिमटीतून.
मधे बेट वर आलं की हात थांबव.
त्याला पिऊ दे."
तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
तेव्हा मी संकल्पना लिहीत असेन.

त्या रविवारी पोटमाळ्यावर गेले, वाकून.
फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे,
डब्यांत जबडे.
प्रत्येकाच्या बुडाला शिसपेन्सिलीनं नाव:
सौ. रेगे, वरखाली पूर्ण.
डिकॉस्टा, दोन दाढा.
मुल्लाजी, घाई आहे.
माप देऊन गेलेली, न्यायला न आलेली माणसं.
"फोन लावायचा म्हणतो," बाबा म्हणाले,
"मग नाही लावत."

मी सगळे मागितले.
मोजून ने, म्हणाले. मोजून आण.

चौऱ्याऐंशी.
रे रोडहून सळ्या कापून आणल्या,
वेल्डिंग निलोफरनं केलं, माझा हात थरथरतो.
एकेका सळीवर एकेक जबडा,
माणूस उभा असता तर तोंड जिथे आलं असतं
तितक्याच उंचीवर.
उंची बाबांना विचारली.
रेगेबाई बुटक्या, खुर्चीत पाय लोंबायचे त्यांचे.
डिकॉस्टा दारात वाकायचा.
मुल्लाजी? बाबांनी हात हवेत धरला,
वर केला, थोडा खाली आणला,
आणि मी टेप लावली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं,
यातून काय म्हणायचंय?
अनुपस्थिती, म्हटलं. शरीर. शहर.
माझंच ऐकून मला जांभई आली.

शेवटच्या दिवशी, पाच वाजून गेल्यावर, बाबा आले
कामाच्याच शर्टात.
भिंतीवरचा कागद वाचला नाही.
सळ्यांमधून आडवे होत चालले,
कुणाला धक्का लागू नये तसे.
एका जागी थांबले.
"रेगेबाईंना वरचा दुसऱ्या कुणाचा लावलायस."
बाबा, शिल्प आहे ते.
"असू दे. बाइट बसत नाहीये. जेवायचं कसं तिनं?"

रघूकाकांकडून स्टूल मागून घेतलं.
सगळ्या सळ्या हुडकून कोपऱ्यातून बाईंचा वरचा आणला,
खिशातून निळ्या कागदाची पट्टी काढली,
वरचा, खालचा, मधे पट्टी.
टक्. टक्.
चष्मा कपाळावर ढकलून
निळे ठिपके कुठे उमटलेत ते बघत राहिले.
मग न बघताच कानस माझ्याकडे केली.
"इथे," म्हणाले.
"थोडंच."