दाढेचा ताळेबंद

एप्रिलचं पान फाडलं, पाठीमागे रकाने आखले.
रात्रीचे साडेदहा. कूलरमध्ये दुसरी बादली ओतून झालेली,
भिंत अजून गरम
आणि उजवीकडची खालची दाढ तिच्याहून गरम.

पहिला रकाना निखारे भाऊजींच्या पॉलिसीचा.
"वहिनी, दातांचंही कव्हर आहे न याच्यात,
वर्षाले फक्त एकवीसशे जास्तीचे."
तो 'फक्त' त्यांनी बशीत ओतून, फुंकून प्यायला.
मी चष्मा लावून मागचं पान वाचलं:
दोन वर्षं थांबा.
वर्षाला पाच हजारांच्या वर नाही.
कॅप नाही, कवळी नाही,
आधीपासूनचं दुखणं असेल तर काहीच नाही.
आधीपासूनचं म्हणजे कधीपासूनचं?
"तुम्हाले माहीत झालं तेव्हापासून."
मग तर, भाऊजी,
माझं काहीच कव्हर होत नाही.

दुसरा, ह्यांच्या ऑफिसातला गटविमा.
चोवीस तास भरती राहिलं तर पैसे.
दाढेसाठी कोण भरती होतं?
अपघातात दात पडले तर मात्र देतात.
"स्कूटरवरून पाडू काय तुले?" हे म्हणाले
आणि खर्ऱ्याची पन्नी खिशात सारली.
ह्यांच्या दातांचा हिशेब मी मांडलाच नाही,
डिसेंबरपर्यंतची पानं लागली असती.

तिसरा धंतोलीचा. एसी, मासे पोहणारी काचेची पेटी.
रूट कॅनलचे चार हजार, आणि वरून टोपी:
धातूची अडीच हजार, सिरॅमिकची पाच,
झिरकोनियाची बारा, दहा वर्षांच्या वॉरंटी कार्डासकट.
हसताना कोणाची दाढ दिसते, मी विचारलं.
काउंटरवरची पोरगी हसली.
तिची दिसत होती.
मिक्सरला दोन वर्षांची होती वॉरंटी, तो एकोणीस चालला.
मी बासष्टची.
कार्ड आधी संपेल की मी,
याला रकाना कुठे काढायचा?

चौथा, मेडिकल चौक, सरकारी दंत कॉलेज.
केसपेपर वीस रुपये.
ऑटो जाऊन-येऊन दोनशे.
दिवस अख्खा.
दिवसापुढे आकडा लिहायला पेन टेकवला
आणि तिथेच शाईचा ठिपका मोठा होत गेला.
बेचाळीस वर्षांत हा भाव कोणी काढला नव्हता.

गेले शेवटी तिथेच.
तुकेश उसेंडी, कुरखेड्याचा, शेवटच्या वर्षाला.
"मावशी, मोठा आ करा."
माझा जबडा स्थिर, त्याचा हात कापत होता.
मास्कच्या आतून हळूच म्हणाला, पहिलंच आहे माझं.
मी तोंडात कापूस असताना जितकं म्हणता येतं
तितकं म्हटलं: कर बाबा.

तीन खेपा. प्रत्येकीच्या आदल्या रात्री फोन:
"मावशी, याल न उद्या?
तुमच्याशिवाय माझं पूर्ण होत नाही."
असं वाक्य मला आजवर
फक्त गॅस एजन्सीने ऐकवलं होतं, केवायसीसाठी.

तिसऱ्या दिवशी गाल बधिर,
चौकातल्या ठेल्यावर ताक घेतलं
तर अर्धं पदरावर सांडलं. ठेलेवाल्यानं दुसरा ग्लास भरून दिला,
पैसे एकाचेच घेतले.
टोपी धातूचीच बसवली, लॅबचे साडेसातशे.
जीभ लावली की थंड लागते,
उन्हाळ्यात तेवढीच एक जागा.

कागद फ्रिजवर आहे अजून. बेरीज केली नाही.
बेरजेच्या जागी तुकेशचा नंबर लिहिलाय.
काल त्याचाच फोन होता, चाचरत, आडून आडून:
परीक्षेआधी आणखी एक केस लागते, वरच्या दाढेची,
ओळखीत कोणी असेल तर...

मी जिभेनं वरची डावी चाचपली.
ठणठणीत आहे, दगड फोडेल.
"येते," म्हटलं,
"थोडी ठणकून राहिली आहे."