प्रश्न चौथा

सहावीच्या चाचणीत चौथा प्रश्न होता,
चूक की बरोबर ते लिहा:
'पाण्याबाहेर मासा श्वास घेऊ शकत नाही.'
एकतीस जणांनी लिहिलं, बरोबर.
मी लिहिलं, चूक.
कापगते सरांनी माझ्या 'चूक'वर
लाल शाईची फुली मारली.

मी धिवराची पोर.
दप्तराला ओल्या जाळ्याचा वास,
म्हणून बाकाच्या कडेला.
तेराचा पाढा कच्चा, पण हे मला ठाऊक होतं.
बोडीतून निघून, गवतात पोट घासत
खालच्या बांधीकडे जाणारा मागूर
मी पाहिला होता, बाबांच्या मागे
बॅटरी धरून.

"सर, मागूर त चालते जी."
वर्ग फुटला.
"चप्पल घालते का वो?" भोजराज म्हणाला.
सर हसले नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले,
"किती वेळ?"

पाहिलं होतं.
मोजलं नव्हतं.

रविवारी पहाटे बाबांच्या डालीतून
दोन मागूर मागितले आणि एक रोहू.
एक मागूर ओल्या पोत्यात, दुसरा कोरड्या टोपलीत,
रोहू त्याच्या बाजूला.
भावाचा मोबाइल घेऊन अंगणात बसले.
आई ओरडली, "बाजाराचा मासा खेळाले हाय का?"
रोहू वीस मिनिटांत थांबला.
त्याचा रस्सा झाला, आईचा राग उतरला.
टोपलीतला दुपारी मलूल झाला,
त्याला बादलीत सोडलं.
पोत्यातला दिवे लागले तरी
मिशा हलवत होता.

आबा ओट्यावर बिडी विझवत म्हणाले,
"बिजली कडकली का आभायातून पडते मागूर.
आमी लहानपनापासून आयकतो."
मी विचारलं,
"मंग बोडी नाई त्या गावात काऊन नाई पडत?"
आबा बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता थापड.
म्हणाले, "हे आमी कधी इचारलोच नाई."

सोमवारी सगळं आकड्यांत सांगितलं.
मला वाटलं, आता तरी पाठ थोपटतील.
सर म्हणाले, "पोत्यात एकच मागूर?
तो एकटाच दमदार असला तर?"
घरी येऊन चुलीपुढे रडले.
मग डोळे धुतले, आणि पुढच्या रविवारी
तीन मागूर, तीन पोती.
बाबा त्या दिवशी बाजाराला गेलेच नाहीत,
काहीतरी दुरुस्त करायचं निमित्त काढून
माझ्याजवळ बसून राहिले.

तेव्हा कुठे दिसलं मला,
चौथा प्रश्न चूकही नव्हता, बरोबरही नव्हता.
"सर, त्या वाक्यात एक शब्द कमी आहे.
'सगळे' की 'काही', ते सांगितलंच नाही."
सरांनी पेपर पुन्हा काढला.
उत्तरसूची वरून आलेली, म्हणून अर्धाच गुण.
फुलीशेजारी, हिरव्या शाईत.

मधल्या सुट्टीत भोजराज आला.
"खेकडं पन मोजू का वो?"
त्याला हसायचं होतं मला,
त्याच्यासारखंच. नाही हसले.
म्हटलं, "घड्याळ तुझं आन."

त्या शनिवारी सर म्हणाले,
आज प्रश्न तुम्ही विचारा.
मी विचारलं,
अंधारात, गवतात, पाणी दिसत नसताना
मागूरला कसं कळतं
की बांधी कुठल्या बाजूला आहे?
सरांनी पुस्तक चाळलं, मिटलं.
खिडकीतून बोडीकडे पाहिलं.
मग फळ्याच्या कोपऱ्यात,
जिथे रोज तारीख आणि पटसंख्या असते,
त्याखाली लिहिलं:
माहीत नाही.

फळा पुसायची पाळी माझी होती.
सगळा पुसला.
तेवढा कोपरा सोडून.