शेवटच्या नळाला

सिव्हिलच्या डॉक्टर पगार बाईंनी
केसपेपरच्या पाठीवर दोन टोकं काढली,
मधे एक फट.
म्हणाल्या, हे टोक सेरोटोनिन सोडतं,
ते टोक झेलतं,
आणि उरलेलं, सोडणाराच परत ओढून घेतो.

मी म्हटलं, मोटर.
त्या म्हणाल्या, काय?
म्हटलं, बाई, मी मनपाचा व्हॉल्व्हमन, सातपूरचा.
एकोणीस वर्षं पहाटे साडेचारला
लोखंडी चावी खांद्यावर टाकून
अशोकनगरच्या गल्ल्यांना पाणी सोडतो.
नळाला मोटर लावून ओढणारं घर
मला रस्त्यावरून ऐकू येतं.
फक्त इथं चोर न् मालक एकच, एवढं नवीन.

गोळी त्या मोटरीच्या तोंडात बूच मारते, बाई म्हणाल्या,
फटीतलं पाणी जरा जास्त थांबतं.
"मग उद्यापासून बरं वाटेल?"
"नाही. चार आठवडे. सहाही लागतील."

हे काही पटेना.
बूच आज बसलं तर दाब आज वाढायला पाहिजे.
बाईंनी अजून एक टिंब काढलं,
सोडणाऱ्या पेशीच्याच अंगावर.
हा पहारेकरी.
एवढं साचलेलं बघून हा घाबरतो,
म्हणतो, पुरे, सोडू नका.
रोज तेच बघून त्याचं ओरडणं मंदावेपर्यंत
दम धरायचा.

आमच्या टाकीवर गांगुर्डे आहे, अगदी असाच.

"आणि तुमच्यात पाणीच कमी होतं असंही नाही,
तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं.
बऱ्याच जणांना गोळीचा उपयोग होतो.
नेमका कसा, ते अजून पुरतं कुणाला ठाऊक नाही."
हे ऐकून मला बाईंचा पहिल्यांदा भरवसा वाटला.
आमच्याकडंही निम्म्या लाइनींचा नकाशा नाही.

काय झालं होतं मला, ते सांगता येत नाही.
थंडी होती. वैजू पोहे पुढ्यात ठेवायची,
मी बघत बसायचो,
शेजारच्याची बशी चुकून आल्यासारखा.
एकदा चेंबरचं झाकण उघडलं
आणि आत बघतच राहिलो, सव्वा तास.
तीन गल्ल्या कोरड्या.
साहेबांनी मेमो दिला,
गांगुर्डेनं तो खिशात घातला
आणि मला गाडीवर बसवून इथं आणलं.

पहिले दिवस नुसती मळमळ. जांभया,
जबडा निखळेल अशा.
तिसऱ्या आठवड्यात मीच बंद केली.
मग डोळे फिरवले की डोक्यात बारीक करंट,
ओल्या हातानं स्टार्टरला शिवल्यासारखा.
बाई रागावल्या नाहीत,
एवढंच म्हणाल्या, एकदम बंद करायची नसते हो.
मान खाली गेली माझी.
हे तर मी नव्या पोरांना शिकवतो:
चावी हळू, चाळीस फेरे मोजून.
झटक्यात आवळलीस तर
मागून येणारं पाणी पाइपला हाणतं,
जॉइंट सुटतो, रस्ता उखडतो,
आणि शिव्या तुला नाही, मला बसतात.

पुन्हा पहिल्यापासून. अर्धी. मग पूर्ण.
गंगापूर धरण भरलेलं आहे, हे पेपरात वाचायचो,
आमच्या घरात त्याचा काय उपयोग,
असं काहीतरी मनात यायचं आणि जायचं.
आधी यायचं ते जायचं नाही.

काल पहाटे शेवटच्या गल्लीत, शेवटच्या घराशी
बोरस्ते वहिनी हंडा लावून उभ्या.
नळ खोकला. फस्स. थुंकला. परत फस्स.
त्या तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो,
लाइनीत हवा आहे वहिनी, पाणी तिच्या मागं असतं.

घरी आलो. पोहे.
दुसऱ्याच घासाला मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं.
वैजू हातातलं फडकं तसंच धरून:
बरं वाटतंय का?

हवा येतीय, म्हटलं.