उतरती बोली

विगोच्या मासळीबाजारात एलादियो
आकडे उतरवत न्यायचा:
चाळीस, एकोणचाळीस, अडतीस,
कुणी हात वर करेपर्यंत.

आता अर्धाच कंठ उरलाय.
हनुवटी छातीशी, श्वास रोखून,
गिळायचं, मग खोकायचं.
चमचाभर सुपाला चार मिनिटं.
तरी थेंब चुकतोच.

डॉक्टरीण कागदावर नळी काढते:
फुग्याने ताणून बघू. नाहीतर स्नायूला छेद.
स्वररज्जूत भराव.
शेवटचं ती हळू सांगते:
स्वरयंत्रच काढायचं.
मग जेवाल पोटभर, आवाज मात्र

ओब्दुलिया खिडकीकडे बघत आवंढा गिळते,
किती सहज, तिचं तिलाच कळत नाही.
त्याला कळतं.

तो खरखरतो: फुगा.
मग छेद. मग भराव.
आणि थांबतो,
कुणी हात वर केलेला नसताना.