भोंग्यानंतर

एकतीस वर्षं माझी सकाळ भोंग्याची होती.
पाच वीसला तो सामुद्रधुनीवर ओरडायचा
आणि आमच्या गल्लीतली पत्र्याची घरं
खोकत खोकत जागी व्हायची.
उठायचं की नाही हा प्रश्नच नव्हता.
प्रश्न एवढाच, बूट वाळलेत का.

मग खेकडे. लाल, काटेरी, परातीएवढे.
पाय मोड, कवच फोड, मांस ओढ, पुढचा घे.
टेबलाला आम्ही दहाजणी.
बोलायचो फक्त पाणी बदलताना.

मार्चमध्ये कारखाना बंद झाला.
भोंगा वजनावर विकला म्हणे भंगारात,
शेजारचा बाउदिलियो सांगतो, किलोचा भावही सांगतो.
आता सकाळ माझी,
आणि परक्याचं पोर कुणी मांडीवर ठेवून निघून जावं
तशी मी तिच्याकडे बघत बसलेली.

भाची यानिना सांतियागोला असते. तिनं यादी पाठवली.
पाचला ऊठ, मावशी. गार पाण्यानं अंघोळ कर.
डोळे मिटून श्वास मोज.
ज्यांचे आभार मानावेत अशा तीन गोष्टी लिही.

गार पाणी? जूनमध्ये आमचा नळच गोठतो.
श्वास मोजत सतरापर्यंत गेले
आणि पाहिलं तर हात चाललेले,
सतरावा खेकडा फोडत.
वही घेतली. एक, शेगडी. दोन, शेगडी.
तिसरं सुचेना म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.
वारा होता.
वाऱ्याचे आभार मानण्याइतकी
म्हातारी मी अजून झाले नाही.

चौकात आमच्याकडे दोर बांधतात,
वाऱ्याच्या दिवसांत लोकांनी धरून चालावं म्हणून.
यानिनाची यादी म्हणजे तसाच दोर, असेल.
पण बांधणाऱ्याला आधी ठाऊक हवं
वारा कुठून येतो.

माझा बोटांतून येतो.

चार चाळीसला जाग येते, अजूनही.
मुठी मिटलेल्या असतात, सांधे धरलेले.
झाकली मूठ सव्वा लाखाची, तर माझ्याकडे अडीच लाख,
पण दुकानदार घेत नाही.
पडून राहते.
हा नियम मी केला, यानिनाला सांगितलेला नाही:
भोंग्याची वेळ अंथरुणातच जाऊ द्यायची.
पाच वीस होतात.
पाच एकवीस होतात.
कुणी ओरडत नाही.
काही दिवस हे एवढंच पुरलं.

मग कोपरानं शेगडीची कळ फिरवते, किटली ठेवते.
भोपळ्याच्या वाटीत मातेची पानं, त्यावर पाणी, नळी.
पहिला माते मूर्खाचा म्हणतात इकडे,
कोमट, कडू, तोंडात भुसा येणारा.
तो मीच पिते. दुसरं आहे कोण?
दुसरा चांगला लागतो.
तिसऱ्याला वाटी दोन्ही हातांत धरून बसते
आणि वाट पाहते.

अंगठे आधी सुटतात, पुढे पुढे करायची सवय त्यांना.
मग तर्जनी, मग मधलं बोट, कुरकुरत.
अनामिकेत आता अंगठी जात नाही,
पण ती येते, उशिरा, पाय ओढत.
याला कधी वीस मिनिटं लागतात,
कधी अख्खी किटली.
बाहेर काळोख असतो,
सूर्य इथे हिवाळ्यात दहाला येतो,
तोही उसनं मागायला आल्यासारखा.

मंगळवारी यातलं काहीच करत नाही.
का ते विचारू नका.
बाउदिलियोनं विचारलं होतं,
त्याला कुत्र्याकडे बघायला सांगितलं.

काल यानिनाचा फोन. जमतंय का, मावशी?
जमतंय म्हटलं.
तिला वाटलं गार पाणी.

डावी करंगळी उघडत नाही.
तिसरा संपतो, चौथा संपतो,
मी तिला ऊन ऊन वाटीवर टेकवते,
थोडं थांबते,
जशा ओर्तेन्सियासाठी थांबायचो फाटकाशी,
तिचा खोकला बसेपर्यंत.
मग तिला तशीच मिटलेली सोबत घेऊन
आम्ही नऊजणी
दार लोटतो, वाऱ्याच्या अंगावर.